केसाएवढी फट आणि बोटाएवढे इंजिन

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत आगगाडी कधी आली नाही. पुणे-मिरज रेल्वे शेजारच्या पुरंदरातून जेजुरी, नीरा करीत लोणंदकडे निघून गेली आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या या मुलखाच्या वाट्याला एस.टी. आली. वेल्ह्याला आता सरकारदरबारी राजगड तालुका म्हणतात; पण नसरापूरला गाडीची वाट पाहत उभा असलेला माणूस अजून "वेल्ह्याची गाडी गेली का हो?" असेच विचारतो. सांगायचा मुद्दा एवढाच की, या भागातल्या मुलांनी वाफेचे इंजिन पाहिले असेल तर ते पुस्तकातल्या चित्रात. किटलीचे झाकण उडते आहे आणि लहानगा जेम्स वॅट त्याकडे टक लावून बसला आहे, हे ते चित्र.

चित्र गोड आहे, पण त्याने घरोघर एक गैरसमज पेरून ठेवला आहे. वाफेला जोर असतो हे ओळखले की इंजिनाचा शोध लागला, असा तो गैरसमज. अहो, भाताच्या पातेल्यावरचे झाकण थडथडताना आपल्या पणजीनेही पाहिले होते! खरी अडचण पुढेच आहे. वाफ ढकलते खरी, पण वाट मिळेल तिकडून पळूनही जाते. तिला पळू द्यायचे नाही, सरकत्या दट्ट्यामागे कोंडून धरायचे, आणि त्याच वेळी त्या दट्ट्याला सरकायला मोकळीकही ठेवायची, ही खरी गोम आहे. नळकांडे आणि दट्ट्या, म्हणजे कारागिरांच्या भाषेत सिलिंडर आणि पिस्टन, यांच्यामधली फट ज्याला साधली त्याला इंजिन साधले. बाकीची चाके आणि दांडे ही नंतरची गोष्ट.

हा विषय माझ्या डोक्यात घोळू लागला तो भाच्यामुळे. माझी बहीण भोरला दिली आहे. मेहुणे वेल्ह्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. सकाळी भोरहून निघायचे, कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करीत शाळा गाठायची, असा त्यांचा नेम. शाळेत विज्ञान प्रदर्शन भरायचे होते आणि चित्रातले नव्हे, तर चालते इंजिन मुलांपुढे ठेवावे अशी त्यांची फार इच्छा. चिरंजीवांनी ते काम अंगावर घेतले. वय वर्षे चौदा. या वयात कोणतेही काम अवघड वाटत नाही. त्याने बोटाएवढ्या जाडीच्या पितळी नळीचा तुकडा मिळवला, एक पितळी कांडी कानस मारमारून आत सरकेल अशी केली, मोडक्या टेपरेकॉर्डरमधले जड चाक काढून लावले आणि सायकलच्या पंपाने हवा भरली. फूस्स असा आवाज मोठा झाला. चाक मात्र जागचे हलले नाही.

बहिणीचे सासरे उमेदीच्या वर्षांत रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. हाताखालची इंजिने एकेक करून मोडीत निघाली आणि पाठोपाठ तेही निवृत्त झाले. आता त्यांना ऐकू कमी येते, पण बोटांना सगळे आठवते. नातू पंप मारीत असताना अण्णांनी अंगठा ओला करून दट्ट्याच्या कडेला धरला आणि म्हणाले, "अरे, तुझी वाफ कामावर जातच नाही. मागच्या दाराने परस्पर घरी जाते."

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नळीचा आतला व्यास १२ मिलिमीटर. दट्ट्याभोवती सगळीकडून ०.०५ मिलिमीटर फट राहिली असे धरा. डोक्याचा केस याहून थोडा जाडच असतो. पण ही फट एका ठिकाणी नसून सगळ्या परिघाभर पसरलेली असते आणि परिघ भरतो ३७.७ मिलिमीटर. गुणाकार केला की क्षेत्रफळ येते १.९ चौरस मिलिमीटर. आता आत येण्याचे भोक होते दीड मिलिमीटर व्यासाचे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम १.८. म्हणजे येण्याच्या दारापेक्षा जाण्याचे दार मोठे! अरुंद फटीतून निसटताना वाफेची बरीच घासाघीस होते, त्यामुळे प्रत्यक्षात इतकी गळत नाही, हे खरे. पण आमच्या भाच्याची फट केसाएवढी कुठली? चांगली पोस्टकार्डाच्या जाडीची होती.

मग दट्ट्या घट्टच बसवला तर? तेही चालत नाही. १२ मिलिमीटरच्या दट्ट्याचे तोंड १.१३ चौरस सेंटिमीटरचे. दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो दाब दिला, तर सारा जोर मिळून पावणेदोन किलोच्या आतबाहेर. त्यातला किलो-सव्वा किलो घर्षणानेच गिळला तर चाकाच्या वाट्याला काय उरणार? पंधरा डब्यांची गाडी ओढणाऱ्या इंजिनालाही घर्षण असतेच, पण ते अशा मोठ्या जोरातून वजा होते. खेळण्यातल्या इंजिनाला ही चैन परवडत नाही. म्हणून लहान इंजिन करणे हे मोठ्यापेक्षा सोपे असते, या समजुतीवर विसंबू नये.

गंमत अशी की, या विद्येची बाराखडी आपल्या घरांतच पडलेली असते. रंगपंचमीची जुनी पितळी पिचकारी उघडून पाहा. दांड्याच्या टोकाला चिंधी किंवा सुतळी गुंडाळलेली सापडेल. ती भिजून फुगते आणि फट भरून काढते. रॉकेलच्या स्टोव्हचा पंप तर याहून हुशार. त्याच्या दांड्याला कातड्याची छोटी वाटी असते. दांडा आत दाबला की हवेच्याच जोराने वाटीच्या कडा फाकतात आणि नळीला चिकटून बसतात. मागे ओढला की कडा मिटतात आणि बाजूने नवी हवा आत येते. जितका दाब अधिक, तितकी वाटी घट्ट. हे कातडे वाळले की पंप हवा धरीत नाही, मग आई खोबरेलाचे दोन थेंब सोडून वायसर बोटांनी मळीत असे. ते दृश्य पाहिलेल्या वाचकांना निराळे काही समजावून सांगायला नको. आणि डॉक्टरांची ती जुनी काचेची पिचकारी! तिच्यात चिंधी नाही, कातडे नाही; काच काचेत इतकी नेमकी घासून बसवलेली की मधली फट जवळजवळ उरतच नाही.

म्हणजे रस्ते दोन. एक, काचेच्या पिचकारीसारखे दोन्ही भाग नेमके घासून बसवायचे. दुसरा, फट थोडी राहू द्यायची आणि ती एखाद्या मऊ, लवचीक वस्तूने भरायची. इंजिनाचा इतिहास या दोन रस्त्यांवरून चालत आला आहे.

टॉमस न्यूकमेनचे इंजिन इंग्लंडात डडलीजवळ १७१२ साली उभे राहिले. त्याच्या सिलिंडरचा व्यास २१ इंच. तो आतून गुळगुळीत करण्याची साधनेच त्या काळी नव्हती. न्यूकमेनने दट्ट्यावर कातड्याची चकती बसवली आणि वर पाण्याचा थर उभा केला. फटीतून गळलेच तर पाणी गळेल, हवा आत शिरणार नाही. युक्ती नामी होती, पण त्या पाण्याने सिलिंडर गार पडायचा आणि कोळसा वाया जायचा. वॅटला तर सिलिंडर सदा गरम हवा होता, म्हणजे पाण्याचा थर बाद. मग या गृहस्थाने काय काय करून पाहावे? ताग, बूच, तेलात भिजवलेल्या चिंध्या, जुन्या हॅटची लोकर, कागदाचा लगदा, अगदी घोड्याची लीदसुद्धा! त्याची मूळ कल्पना १७६५ ची. ती कामाला लागायला पुढे १० वर्षांहून अधिक काळ गेला, त्याचे मोठे कारण हे गळणारे सिलिंडर.

सुटका केली ती तोफांनी. जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने १७७४ साली तोफेची नळी कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. त्याच्याही आधी सिलिंडर कोरणारी यंत्रे होती, पण त्यांतले हत्यार लांब दांड्याच्या मोकळ्या टोकाला लटकत असे आणि ओतीव नळी वाकडी असेल तर आपणही तिच्यामागे वाकडे जाई. विल्किन्सनने सिलिंडर कोरण्यासाठी दांडा नळीतून आरपार नेला आणि त्याला दोन्ही टोकांना आधार दिला. हत्यार सरळ चालले, भोक सरळ पडले. ५० इंची सिलिंडरात जुन्या झिजलेल्या शिलिंगच्या जाडीएवढाही फरक राहिला नाही, अशी त्याची वाखाणणी झाली, आणि १७७६ मध्ये वॅटचे इंजिन खऱ्या कामावर रुजू झाले. आपल्या चित्रांत किटली असते, विल्किन्सन नसतो. मला हा अन्यायच वाटतो.

तरीही दट्ट्याभोवती ताग आणि चरबी लागतच होती. तिला रजा दिली जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे अभियंत्याने. १८५२ साली त्याने दट्ट्याला खाचा पाडून त्यांत धातूच्या चिरलेल्या कड्या बसवल्या. कडी सिलिंडरापेक्षा किंचित मोठी. दाबून आत बसवली की स्प्रिंगप्रमाणे बाहेर फाकू पाहते आणि भिंतीला टेकून राहते. झिजली तरी आणखी फाकते. आज आपल्या मोटारसायकलीचे इंजिन धूर ओकू लागले की मेकॅनिक "रिंगा गेल्या" म्हणतो, त्या रिंगा याच वंशातल्या.

आपल्याकडे हे सारे आयतेच बोटीतून उतरले, असे मात्र समजू नये. कलकत्त्याजवळच्या टिटागढचा लोहार गोलकचंद्र याने श्रीरामपूरच्या मिशनचे इंजिन पाहून साहेबाच्या मदतीशिवाय स्वतःचे लहान वाफेचे इंजिन बनवले. १८२८ साली ते कलकत्त्याच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि त्याला ५० रुपये बक्षीस मिळाले. इकडे मुंबईत जहाजबांधणीच्या घराण्यातल्या अर्देशीर करसेटजी वाडियांनी १८३३-३४ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या पंचविशीत, एक अश्वशक्तीचे इंजिन घडवले. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटायला तेव्हा अजून जवळजवळ २० वर्षे होती. माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावणारे हेच गृहस्थ. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झालेले हे पहिले भारतीय. १९६९ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले, पण किती मराठी मुलांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

तर भोरकडे वळू. भाच्याचे दुसरे इंजिन सुरू झाले ते बोहरी आळीतून आणलेल्या पितळी दांड्यापासून. नसरापूरच्या बाजूला रस्त्याकडेला एक लेथवाले मिस्त्री आहेत. शेतीपंपांचे बूश आणि ट्रॅक्टरचे पिन हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांनी दांड्यात आधी थोडे कमी मापाचे भोक पाडले आणि मग १२ मिलिमीटरचा रीमर हळूहळू फिरवला. ड्रिलने पाडलेले भोक डोळ्यांना गोल दिसते पण नसते. रीमर ते गोल आणि गुळगुळीत करतो. "एमरी लावून आणखी चकचकीत करू का?" असे भाच्याने विचारले तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात धरला. पितळ मऊ असते. एमरीचे कण त्यात रुतून बसतात आणि पुढे जन्मभर दट्ट्या खरवडीत राहतात. घासायचेच तर पितळेची भांडी उजळायचे पॉलिश पुरे. दट्ट्याही पितळेचाच केला, म्हणजे तापल्यावर दोघेही सारखेच फुगतील. त्याला मधोमध एक चौकोनी खाच पाडली.

या खाचेत काय भरायचे, यावर घरात खल झाला. अण्णांच्या काळी शेडमध्ये ॲस्बेस्टॉसची दोरी सर्रास वापरीत. तिचे तंतू श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसांचे असाध्य रोग होतात, कर्करोगापर्यंत पाळी जाते, हे आता पक्के ठाऊक झाले आहे. जुन्या सामानात सापडली तरी ती मुलांच्या हाती जाऊ देऊ नये. कातडे वाफेत आकसते आणि कडक होते, म्हणून स्टोव्हची वाटी इथे निरुपयोगी. रबराची गोल रिंग चालते, पण साध्या रबराची नव्हे, उष्णता सोसणाऱ्या जातीची. आणि तिची खाच इतकी नेमकी लागते की रिंग जेमतेम दबावी. जास्त दबली की इंजिन अडलेच. नळाच्या कामाची टेफ्लॉनची पांढरी टेप मिळते, ती पीळ देऊन दोऱ्यासारखी केली तर उत्तम चालते. अण्णांनी मात्र सुती दोराच हवा म्हणून हट्ट धरला. समईच्या वातीसारखा सैल पिळाचा दोरा, घट्ट तेलात भिजवलेला आणि ग्राफाइटच्या पुडीत घोळवलेला. पेन्सिलीच्या शिशाची पूड घेऊ नये. तिच्यात माती असते आणि ती घासते.

दोरा गुंडाळणे हे दिसते तेवढे साधे नाही. अण्णांनी खाच भरून दोरा किंचित वर येईल इतकेच फेरे दिले, शेवट आत खोचला, आणि दट्ट्या सरळ न खुपसता स्क्रू फिरवावा तसा फिरवीत आत सारला. मग परीक्षा. भोकावर बोट ठेवायचे, दट्ट्या सेंटिमीटरभर बाहेर ओढायचा आणि सोडून द्यायचा. तो झटक्याने आत परतला तर समजावे की फट बुजली. बोट काढल्यावर एका बोटाने हळूच ढकलला तर सहज सरकला पाहिजे. दोन्ही परीक्षा एकाच वेळी उतरल्या पाहिजेत. एकीत पास होऊन भागत नाही. आमचा दोरा तीनदा सोडून पुन्हा गुंडाळावा लागला.

फट आणखी एका ठिकाणी असते. या लहान इंजिनाला वेगळी झडप नसते. सिलिंडर एका खिळीवर टांगलेले असते आणि चाकाबरोबर पाळण्यासारखे झुलते. त्याच्या पाठीला एक भोक, आणि ज्या उभ्या पट्टीला ते टेकते तिच्यात दोन भोके. झुलताना सिलिंडरचे भोक एकदा वाफेच्या भोकासमोर येते, एकदा बाहेर सोडणाऱ्या भोकासमोर. झाले, झडपेचे काम आपोआप! पण या दोन पाठी एकमेकींना तंतोतंत लागल्या नाहीत तर दट्ट्याची सगळी मेहनत फुकट. जाड आरशाच्या काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून दोन्ही पाठी घासल्या. उंचवटे कुठे राहिले ते पाहायला शेडमध्ये तेलात कालवलेला शेंदूर लावीत, पण खरा शेंदूर म्हणजे शिशाचे विषारी भस्म. आम्ही चित्रकलेच्या पेटीतला तैलरंगाचा निळा ठिपका बोटाने पसरला. एक पाठ दुसरीवर फिरवली की उंच जागी निळे डाग उमटतात. डाग सगळीकडे सारखे उमटेपर्यंत घासत राहायचे. याला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी खिळीला स्प्रिंग आणि नट लावला. स्प्रिंग ढिली तर पाठी सुटतात, ताठ तर झुलणे बंद.

सायकलच्या पंपाने हवा भरली आणि चाक फिरू लागले. बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

आता खरा वाद. अण्णा म्हणाले, "हवेवर फिरतं ते इंजिन नव्हे, पंखा. वाफ द्या." नातू लगेच दूध पावडरचा रिकामा डबा घेऊन हजर, झाकणाला डाख लावला की झाला बॉयलर! बहिणीने डबा हातातून काढून घेतला. तिला गणिताची गरज वाटली नाही, पण वाचकांसाठी सांगतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. दीड किलोच्या दाबाने त्या झाकणावर ११८ किलो जोर येतो, म्हणजे दोन मोठी माणसे आतून लाथ मारीत आहेत असे समजा. त्यात साधा डाख १९० अंशांच्या आसपास वितळतो. डब्यातले पाणी आटले की डाख गेलाच. उकळते पाणी फुटून बाहेर आले तर ते एका क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे-सतराशे पट होते. बॉयलरचा सरकारी कायदा २५ लिटरांहून लहान भांड्यांना लागू नाही, म्हणून लहान भांडे निर्धोक ठरत नाही. कुकरलाही नळी जोडण्याचा मोह कोणी करू नये.

तोड निघाली ती मिस्त्रींकडून. ५ सेंटिमीटरची जाड तांब्याची नळी, दोन्ही टोकांना चांदीच्या डाखाने बसवलेल्या तांब्याच्या चकत्या, वर दाब वाढला की उघडणारी झडप. आणि पहिली चाचणी वाफेने नव्हे, पाण्याने. ठासून भरलेल्या गार पाण्यावर चालवायच्या दाबाच्या दुप्पट, तीन किलो. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा सुटलाच तर चार थेंब उडतात, स्फोट होत नाही. सांधा सुटला नाही. तरीही आमच्या ताईने अट घातलीच: वाफ फक्त अंगणात, अण्णांच्या देखत, आणि शाळेत मुळीच नाही. मेहुण्यांनी मुकाट्याने मान्य केले. माझ्या मते तिचेच बरोबर होते.

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात स्पिरिटचा दिवा पेटला. झडपेतून फुरफुर सुरू झाल्यावर भाच्याने वाफेचा कॉक उघडला. चाक फिरले नाही. इंजिनाने नुसते पाणी थुंकले. पोराचा चेहरा उतरला. अण्णा शांत. सिलिंडर गार असते तोवर आत आलेली वाफ त्याला आपली उष्णता देऊन, एका ग्रॅममागे ५४० कॅलरी, पुन्हा पाणी होते. आणि पाणी दबत नसल्यामुळे दट्ट्या अडतो. "हातानं फिरव. थंडीत माणसालासुद्धा चहा लागतो," अण्णा म्हणाले. दहा-बारा फेरे हाताने दिले, पाणी कमी कमी होत गेले, आणि एकाएकी चाकाने हातातून उसळी घेतली. मग जी टिकटिक सुरू झाली ती थांबेना. अण्णांना ती ऐकू येत नव्हती. त्यांनी इंजिनाखालच्या फळीवर तळहात टेकवला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पाठ सुटते आहे जरा. नट पाव फेरा आवळ." आवळला. चाकाची गती वाढली.

त्यांच्या हाताखालून कितीएक इंजिने गेली असतील. त्या दिवशी जेवायला बोलावले तरी ते फळीवरचा हात काढीनात.

भोरहून शाळेला जाताना मेहुण्यांच्या वाटेत भाटघर लागते. १९२७ साली पूर्ण झालेले हे धरण, आता येसाजी कंक जलाशय. पाणी चढले की माणसाचा हात न लागता आपोआप उघडणारे त्याचे ४५ दरवाजे या भागातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहेत. मेहुण्यांनी प्रदर्शनात बोलायला सुरुवात तिथूनच केली. पाणी अडवले म्हणून कामाला आले, वाफेचेही तसेच. टेबलावर इंजिन, बाजूला हवेची टाकी म्हणून फुगवलेली सायकलची ट्यूब, आणि पंप मारायला मुलांची रांग. एस.टी.च्या धक्क्यांनी स्प्रिंगचा नट ढिला झाला होता. तो भाच्याने सर्वांसमोर आवळून दाखवला. मग मेहुण्यांनी दट्ट्या काढला, दोरा सोडला, तसाच परत घातला. मुले जिवाच्या कराराने पंप मारू लागली. फूस्स. चाक हलेना. पुन्हा दोरा गुंडाळला, आणि चाक फिरले. एवढ्याशा दोऱ्याने एवढा फरक पडतो, हे वीस मिनिटांत साऱ्या वर्गाने डोळ्यांनी पाहिले. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, दोरा झिजला की काय करायचं?" मेहुणे म्हणाले, "नवा गुंडाळायचा. मोठ्या इंजिनांनाही तेच करावं लागायचं." तिला तो गुंडाळायलाच दिला.

ज्यांना मोठी सिलिंडरे पाहायची असतील त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जावे. माथेरानच्या छोट्या गाडीचे वाफेचे इंजिन तिथे आहे. ती गाडी १९०७ सालची. अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्ये बनलेले, भारतात घडलेले पहिले रेल्वे इंजिनही तिथेच. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये उघडलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे, मात्र तिथल्या गाड्या विजेवर धावतात.

भोरच्या इंजिनाची निगा आता भाचाच राखतो. चालवून झाले की गरम असतानाच आतले पाणी फिरवून काढून टाकायचे, दट्ट्यावर घट्ट तेलाचे दोन थेंब सोडायचे, आणि धूळ बसू नये म्हणून वर फडके. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे सिलिंडर करायचे आहे. त्यात दट्ट्याचा दांडा बंद झाकणातून ये-जा करतो, म्हणजे आणखी एक फट आली. अण्णांनी तिच्यासाठी टेफ्लॉनची टेप आतापासूनच वळून ठेवली आहे; सुती दोऱ्याचा हट्ट या खेपेला त्यांनी आपण होऊन सोडला.